आबांनी बैल ओढला नाही

माझ्या वडिलांची नखं कधी पांढरी नव्हती. हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात उभा जन्म हात बुडवलेल्या माणसाची नखं जशी होतात तशी, काळपट तांबूस. आई त्यांना लिंबाची फोड द्यायची, चुलीतली राख द्यायची. ते मुकाट्यानं घासायचे आणि नखं तशीच राहायची. एका मोठ्या शहरातल्या उद्योगशाळेत ते कातडी कमावण्याचा उद्योग शिकवत. पुढं त्या शाळेचं कॉलेज झालं आणि त्यांच्या खोलीच्या दारावर 'प्रोफेसर' अशी पाटी लागली. आईला त्या पाटीचा अभिमान होता. मात्र पाटीच्या मागं काय शिकवतात, हे ती माहेरी सांगत नसे.

सांगायची गरजही उरली नव्हती. आम्ही वेल्ह्याकडचे, शेतकरी मराठ्याच्या घरातले. मावळात बातमी पायी चालते, पण पोचते. आबा मेलेल्या जनावरांच्या कातड्यांत हात घालतात हे कळल्यावर भाटघरकडच्या माझ्या मामांनी आमच्या घरचं पाणी सोडलं. भाऊबीजेला आई पाट मांडायची. संध्याकाळ झाली की तो रिकामा पाट उचलून भिंतीला टेकवायची आणि चुलीपाशी जायची. आबा हे दरवर्षी बघायचे.

मी वाढलो पत्रकांवर. घरात पोथ्या कमी आणि पत्रकं ढीगभर. दारूबंदीची, स्वदेशीची, सारा कमी करा म्हणणारी, देवळं उघडा म्हणणारी. आबा ती कुठून कुठून आणायचे आणि मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर बाराखडी गिरवायचो. पत्रकात वाक्य आखूड असतं आणि दर वाक्याच्या शेवटी काहीतरी मोडायचं असतं. मला ते फार आवडायचं. अजून आवडतं.

आबांचं स्वतःचं मात्र एकच वाक्य होतं. नव्या वर्षाची मुलं पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून कुंडाभोवती उभी राहिली, की ते म्हणायचे, "काम हलकं नसतं. रुमाल खिशात ठेवा." बस, एवढंच. त्या वाक्यावर आमचं घर उभं होतं. आईनं माहेर गमावलं ते त्याच वाक्यापायी.

पेन्शनीत निघाल्यावर आबा शहरात राहिले नाहीत. म्हणाले, हिरडा जिथं झाडावर लागतो तिथं कातडी कमावायची सोडून आपण तो गोणीत भरून शहरात का नेतो? आणि ते आम्हाला घेऊन गावी आले. ओढ्याकाठी त्यांनी एक छप्पर घातलं. आत जमिनीत कुंडं खणली: एक चुन्याचं, बाकीची सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्याची. हिर्डोशीकडच्या बायका भोरच्या बाजारात हिरडा घेऊन बसत, तिथून आमची बैलगाडी भरून यायची. महारवाड्यातली चार तरणी माणसं शिकायला येऊ लागली. गावानं नाक मुरडलं, पण आड आलं नाही. कारण आबांच्या कुंडातून निघालेल्या चामड्याची मोट विहिरीवर लवकर फाटत नसे. त्या मोटेचं पाणी सगळा गाव पीत होता.

चावडीवर थट्टा चालायची.

"काय परपेसर, आज वैनींनी घरात घेतलं का?"

"घेतलं की. मागच्या दारानं."

हसणं व्हायचं आणि आबाही हसायचे. हे दिवस बरे होते. ते फार टिकले नाहीत.

मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून न्यायचं काम महारवाड्याकडे होतं. त्याबद्दल खळ्यावर त्यांना बलुत्याचं धान्य मिळे. गावात कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावी सांगावा घेऊन पळायचं तेही त्यांनीच, ऊन असो, पाऊस असो. गाव त्याला त्यांचा हक्क म्हणे. नाही म्हणायची मुभा नसलेला हक्क!

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या एका उन्हाळ्यात मुंबईच्या गिरणीतून सुट्टीवर आलेल्या माणसांनी ढोरं ओढणं सोडा म्हणणारं एक पत्रक आणलं. ते महारवाड्यात मी वाचून दाखवलं. लिंबाच्या झाडाखाली सगळे बसले होते, बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. वाचून झालं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. मग त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ उठले. त्यांचा तिथं शब्द चाले, म्हणून आबा त्यांना कारभारी म्हणत. गाव म्हणत नसे. ते म्हणाले, "आता कुनाचं ढोर वढायचं न्हाई. मेलेलं खायाचं न्हाई. मयताचा सांगावा न्यायाचा न्हाई. ज्याला जमायचं न्हाई त्यानं आत्ताच उठावं." कुणी उठलं नाही. तीच शपथ झाली.

दुसऱ्या दिवशी कारभारी आमच्या छपराशी आले, पण आत आले नाहीत.

"मास्तर, पोरं आजपासनं येनार न्हाईत."

आबा कुंडातलं पाणी काठीनं ढवळत होते. "ओढणं सोडलंत, चांगलं केलंत. पण कसब कशाला सोडता? मी भोरहून खाटकाकडची कातडी आणीन."

"आना की. पर गावाला ही कातडी कंची आन ती कंची, कुठं कळतंय? हातात कातडं दिसलं की म्हनतील, बघा, सकाळी शप्पत आन सांजच्याला कातडं."

"कसब वाईट नाही, कारभारी."

"न्हाईच मुळी. पर तुमी हात धुतलं की तुमी प्रोफेसर. आमी हात धुतलं तर..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं आणि ओढ्याकडे बघत उभे राहिले. जाताना म्हणाले, "त्या चौघांपैकी थोरला माजाच हाय. लई रडला रात्री. चांगलं शिकत हुता."

संध्याकाळी जेवताना आबा म्हणाले, "आज कारभाऱ्यांनी मला नापास केलं." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि पेपर बरोबर तपासलाय."

गावानं आपलं उत्तर लगेच दिलं. वाण्यानं महारवाड्याला मीठ-तेल देणं बंद केलं. शेतांच्या बांधावरून जाणारी त्यांची वाट काट्या घालून अडवली. बलुतं तर बंद झालंच. आमची जमीन वाटेत नव्हती, नाहीतर निदान तेवढ्या तुकड्यावरून त्यांना जाता आलं असतं. मी भोरच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलो. कारकुनानं तो उलटा धरून बघितला आणि म्हणाला, "गावचं गावात मिटवा." भोर संस्थानाचा न्याय एवढाच.

आणि त्यातच पाटलांचा बैल मेला.

चैत्र संपत आला होता. ऊन असं, की दुपारी कोंबड्या चोच उघडी टाकून सावलीला बसायच्या. बैल रात्री गोठ्यात पडला आणि सकाळी उठलाच नाही. पाटलांनी महारवाड्यात निरोप धाडला. कुणी आलं नाही. दुपारपर्यंत बैलाचं पोट नगाऱ्यासारखं झालं. त्याच्या शेजारी बांधलेली गाय दावं तोडून पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांचा धाकटा भाऊ आमच्या दारात आला. बोलावणं करायला पळणारी माणसंही आता नव्हती, म्हणून त्याला स्वतःला यावं लागलं होतं आणि त्याचा राग त्याच्या तोंडावर दिसत होता.

"चला परपेसर. गावानं बलीवलंय."

मी बरोबर गेलो. पाटलांच्या गोठ्यापासून लांब, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सगळे उभे होते. प्रत्येकानं उपरण्याचा शेव नाकाला लावला होता.

"मास्तर," पाटील म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "तुमी आमच्यातलं. तुमचं बोलनं आमी ऐकलंय. काम हलकं नसतंय. मंग धरा की दोर. तुमी म्होरं झाला तर मागनं चार पोरं हात लावतील. गावाचं अडलंय."

"अडलंय खरं," आबा म्हणाले. "मी ओढला तर उद्या त्यांची वाट मोकळी करणार? वाणी मीठ देणार?"

"मंग त्यांची गरजच काय ऱ्हायली? तुमी हाय की!"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते बैलाकडे बघत होते.

"मला उद्यापर्यंत विचार करू द्या."

"करा, करा," पाटलांचा भाऊ म्हणाला. "बैलालाबी ईचारून बघा, थांबतोय का."

आम्ही घरी आलो तोवर आईला सगळं कळलं होतं. ती उंबऱ्यातच उभी होती.

"ओढणार ना?"

आबांनी पायांवर पाणी घेतलं आणि ओटीवर बसले.

"माझ्या भावानं पाणी सोडलं, गप्प राहिले," आई म्हणाली. शहरात राहून तिची भाषा बदलली होती, पण रागावली की माहेरची बोली वर यायची. "जावांनी हळदीकुंकवाला लांबनं कुंकू टाकलं, गप ऱ्हायले. लोक म्हनले, हिच्या नवऱ्याच्या हाताला वास येतो, तरी गप ऱ्हायले. कशापायी? तर काम हलकं नसतं. आज सगळा गाव डोळं फाडून बघतोय. ओढा की येक बैल! न्हाई ओढला तर माजी इतकी वर्सं कशात गेली सांगा."

"आई, आबांनी ओढला तर महारवाडा मोडेल," मी म्हणालो. "गावाला तेच हवंय."

"आन न्हाई ओढला तर आपलं घर मोडंल. तू बोलू नगंस. तुजी समदी पत्रकं चुलीत घातली तर येक भाकर भाजत न्हाई."

आबा नखातला मळ काडीनं काढत बसले होते. त्यांचं लक्ष नाही असं वाटलं. मग ते खाली बघतच म्हणाले, "मला ओढावंसं वाटतंय. फार वाटतंय. सगळ्यांसमोर धोतर खोचावं आणि दोर खांद्यावर घ्यावा. माझा भाऊ बघेल, पाटील बघेल. तुझ्या भावाच्याही कानावर जाईल. मला इतकं ओढावंसं वाटतंय, तेच मला वाईट दिसतंय."

आईला ते समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. ती आत गेली. भांडी आपटण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

उन्हं कलली तेव्हा कारभारी आले. अडवलेल्या वाटेनं येता येत नव्हतं म्हणून ओढ्याच्या पात्रातून लांबून आले होते. पाय धुळीनं आणि काट्यांच्या ओरखड्यांनी भरले होते.

"ऐकलं ते खरं का, मास्तर?"

"काय ऐकलंत?"

"तुमी वढनार म्हनं. पाटलानं नारळ आनून ठिवलाय, तुमच्या म्होरं फोडायला."

आबांना हसू आलं. "नारळसुद्धा?"

"मोठा हाय. शेंडीवाला."

दोघंही क्षणभर हसले. मग आबांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कारभारी?"

"माला काय वाटायचंय. तुमी वढला तर तुमचं पत्रक निघंल. ह्ये तुमचं चिरंजीव काढतील. प्रोफेसरांनी बैल वढला! मुंबईत लोक वाचतील आन म्हनतील, केवढा मानूस. आन आमी हितंच. आमाला गाव म्हनंल, येवढा शिकलेला मराठा दोर धरतोय आन तुमास्नी लाज वाटती? मंग आमी काय सांगायचं? आमच्या पोरीबाळी बिनमिठाचं खात्यात ते कशापायी, कुनाला सांगायचं?"

आबा ऐकत होते.

"इनंती करत न्हाई," कारभारी म्हणाले. "इनंत्या करून झाल्या बापजाद्यांच्या. सांगाय आलो. तुमाला काय करायचं ते करा."

आणि ते आल्या वाटेनं निघून गेले. आबांनी त्यांना बसा म्हटलं नाही, हे मला तेव्हा खटकलं. त्यांनी म्हटलं असतं तरी आई काय करेल याची त्यांना खात्री नसावी.

सकाळी चावडीसमोर सगळा गाव जमला होता. पाटलांच्या हातात खरोखरच नारळ होता. आबा पुढं गेले आणि सरळ उभे राहून म्हणाले, "मी ओढणार नाही."

"का बरं?"

"ज्यांच्यावर सक्ती होती त्यांनी नको म्हटलंय. त्यांच्या नकारावर पाय ठेवून मी मोठा होणार नाही. तुमचा बैल आहे, तुम्ही ओढा. काम हलकं नसतं, हे मी आजही म्हणतो. दोर धरायचा कसा, सुरा चालवायचा कसा, ते दाखवायला मी उभा राहीन."

मग पाटलांच्या भावानं दोन बोटांनी नाक धरलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "रुमाल खिशात ठिवा!"

असा हशा उठला, की कावळे उडाले. आबांचं वाक्य शहरातून गावात कधी आलं होतं, कुणी आणलं होतं, कोण जाणे. त्या दिवसापासून गावानं ते उलटं घातलं. पोरंसोरं त्यांच्या मागून नाक धरून चालू लागली. जन्मभर दुसऱ्यांच्या नाकावरचा रुमाल काढणाऱ्या माणसाला गावानं भित्रा ठरवलं, वास सहन न होणारा ठरवलं, आणि तो गप्प राहिला. मी त्या दिवशी चावडीवर खूप बोललो. माझं कुणी ऐकलं नाही. माझी वाक्यं आखूड होती, पण हशा त्याहून आखूड आणि मोठा होता.

बैल शेवटी गावानंच ओढला. आधी एक बैलजोडी जुंपून बघितली. वासानं ती बिथरली आणि जू मोडता मोडता राहिलं. मग माणसांनीच दोर धरले. तोंडाला फडकी बांधून, शिव्या देत, थांबत थांबत त्यांनी बैल माळावर नेला आणि खड्ड्यात लोटला. मग सगळ्यांनी ओढ्यावर अंघोळी केल्या, घराघरात गोमूत्र शिंपडलं. आबा लांब टेकाडावर उभे राहून बघत होते. मी शेजारी होतो. माती पडू लागली तेव्हा ते हळूच म्हणाले, "चांगली कातडी होती. पाठीवर एक ओरखडा नव्हता."

यानंतर महारवाडा मोडला नाही, हे खरं. पण मी पत्रकात लिहीन तसं ते जिंकणं नव्हतं. पुष्कळ घरांना कुलपं लागली. माणसं मुंबईला गेली, काही कुठं गेली ते कळलंच नाही. राहिलेल्यांना मी आणि आबा भोरहून मीठ, तेल, काडेपेट्या आणून देत होतो. म्हणून आमच्या घरी न्हावी यायचा बंद झाला. आबांच्या सख्ख्या भावानं सामाईक अंगणात मधोमध कुडाची भिंत घातली.

मेअखेर आबांनी कुंडं रिकामी केली. चुन्याचं पांढरं पाणी आणि हिरड्याचं तपकिरी पाणी शेजारी शेजारी ओहळातून ओढ्याकडे गेलं आणि वाळूत जिरलं. भोरच्या बाजारात हिर्डोशीकडची एक म्हातारी त्यांना हाक मारून म्हणाली, "मास्तर, यंदा हिरडा नगं व्हय?"

"नको."

"का वो? किडका न्हाई. बघा तरी फोडून."

"तुमचा हिरडा चांगला आहे, आजी. माझंच काम संपलं."

म्हातारीनं तरीही एक हिरडा फोडून त्यांच्या तळहातावर ठेवला. तो त्यांनी घरापर्यंत मुठीत आणला.

पावसाळा लागला. आषाढात कारभाऱ्यांची सून, म्हणजे आमच्याकडे शिकत होता त्या थोरल्याची बायको, तापानं फणफणली. तिला झोळीत घालून भोरच्या दवाखान्यात न्यायला निघाले. ओढ्याला पूर होता, म्हणून बांधावरची वाट हवी होती. ज्याचं शेत होतं तो काठी घेऊन आडवा उभा राहिला. झोळी परत फिरली. ओढा उतरायच्या आत ती बाई गेली. मागं तान्हं मूल होतं.

ही बातमी ऐकून आबा ओटीवर बसले ते दिवे लागेपर्यंत उठले नाहीत. मी फौजदाराकडे जायचं म्हणत होतो, वर्तमानपत्राला लिहायचं म्हणत होतो. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"मी बैल ओढला असता, तर ती वाट उघडी राहिली असती का रे?"

"नाही आबा. पाटील म्हणालेच होते, मग त्यांची गरज काय."

"म्हणाले होते. पण माणसं म्हणतात एक आणि करतात एक. कदाचित राग उतरला असता."

"तुम्ही बरोबर केलंत."

"बरोबर केलं, हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी ते विचारलं नाही."

त्याचं उत्तर मला आजही येत नाही. कुठल्याच पत्रकात ते छापलेलं मी पाहिलं नाही.

ते त्याच पावसाळ्यात खचले. खोकला लागला, छातीत घर करून बसला. वैद्य लांबूनच नाडी बघितल्यासारखं करून गेला. आई त्यांच्या उशाशी बसायची, शेक द्यायची, पण बैलाबद्दल दोघांत शब्द झाला नाही. फक्त एकदा मी आत आलो तेव्हा ती त्यांचा हात मांडीवर घेऊन लिंबाच्या फोडीनं त्यांची नखं घासत होती.

भाद्रपदातल्या एका सकाळी, रिमझिम चालू असताना, आबा गेले.

आईनं पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "दादाला सांगावा धाडा. त्याला यायलाच हवं आता."

सांगावा न्यायला माणूस नव्हता. मी घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली आणि निघायला उभा राहिलो, तेवढ्यात अंगणाच्या कडेला कारभारी दिसले. भाऊबंद ओटीखाली उभे होते. येणं भाग म्हणून आले होते. चुलते म्हणाले, "आला बघा. शेवटी आलाच शप्पत मोडून. जा रं, भाटघरकडं जायचंय."

कारभारी जागचे हलले नाहीत. "सांगावा न्यायाला न्हाई आलो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मास्तर गेलं म्हनून आलो."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी येकलं जानार? वाट निसरडी हाय. चला, मी येतो संगं."

आम्ही दोघं चाललो. धरणाचं पाणी दिसू लागलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या थोरल्यानं कमावलेलं चामडं अजून घरात हाय. मास्तरांनी दिल्यालं. सुनंच्या उशाखाली हुतं." एवढंच.

मामांच्या दारात आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. मामा बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे नाही, कारभाऱ्यांकडे बघून विचारलं, "कवा गेलं?" सांगावा आणणाऱ्यालाच विचारायची रीत होती. कारभारी गप्प राहिले. मी म्हणालो, "आज सकाळी, मामा. आई वाट बघतेय."

मामी आतून भाकरी आणि मिरची घेऊन आली आणि तिनं ती ओटीच्या कडेला, जमिनीवर ठेवली. सांगावा आणणाऱ्याची भाकरी. कारभाऱ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ते सावकाश म्हणाले, "आमी दुखाला आलोय, बाई."

मामांनी एकदा भाकरीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. आम्ही इतके जवळ उभे होतो, की माझी खोळ कारभाऱ्यांच्या खांद्याला लागत होती. "तुमी व्हा म्होरं," मामा मला म्हणाले. "मी बगतो."

आम्ही पुढं झालो. चढावर मी मागं वळून बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं. भाकरी पावसात तशीच पडलेली असणार.

घरी तिरडी बांधून तयार होती. आई दारात आली. तिनं माझ्या मागं बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"मंग आता कुनाची वाट बघायची," ती म्हणाली. "उचला."

चुलते आणि भाऊबंद पुढं झाले. आई तिथंच उभी होती. ती अंगणाच्या कडेला थांबलेल्या कारभाऱ्यांकडे बघत होती. त्यांच्या घरात यंदा आमच्याआधी मर्तिक झालं होतं आणि ती तिकडं गेली नव्हती. तिनं पदर डोक्यावर ओढला.

"तुमी लांब का उभं? तुमीबी खांदा द्या."

चुलत्यांनी आपल्या बाजूचा बांबू खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि कुडाच्या भिंतीपलीकडे निघून गेले. जो कोपरा मोकळा झाला, तो कारभाऱ्यांनी उचलला. वाट चिखलाची होती. आम्ही हळू चाललो.